ऐंशी हजारांत पंचवीस झॉम्बी: मेकअपच्या आधी काय बघायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: पाचोऱ्याकडे १५ मिनिटांची झॉम्बी शॉर्टफिल्म करायची आहे. हाताशी ८० हजार रुपये आहेत आणि गावातले पंचवीस जण झॉम्बी व्हायला तयार आहेत. मुंबईहून मेकअपवाला बोलवला तर ४५ हजार तिथेच जातात. ते घालावेत का? आणि अशा कमी पैशांतल्या फिल्मच्या पडद्यामागे नेमकं काय चालतं?

भाऊ, मी अकरा वर्षं जळगाव-धुळे भागात शॉर्टफिल्मवर काम करतोय, कधी सहायक दिग्दर्शक म्हणून, कधी कलादिग्दर्शन सांभाळून. झॉम्बीची एकच फिल्म केली, २२ मिनिटांची. फेब्रुवारीतल्या चार रात्री लागल्या. दोन रात्री सावद्याकडच्या केळीच्या बागेत, दोन अमळनेरकडच्या एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायच्या कारखान्यात. एकूण खर्च १ लाख १२ हजार. तेव्हा सांगतोय ते या एका अनुभवावरून आणि बाकीच्या फिल्मच्या सवयीवरून. तुम्ही शूटिंग कुठल्या महिन्यात करता, रात्री करता की दिवसा, आणि तुमचे पंचवीस जण कोण आहेत, यावर यातलं बरंच बदलेल.

माझ्या मते तुमची अडचण मेकअपची नाही. चेहरा कितीही भारी रंगवला तरी पहाटे तीन वाजता तो माणूस उभा राहून, मान वाकडी करून, अकराव्यांदा तेच चालणं चालणार आहे का, हा खरा प्रश्न आहे. पंचवीस माणसांना तीन-चार रात्री 'मेलेलं' ठेवणं हेच झॉम्बी फिल्मचं काम. पैसे तिकडे लागतात.

आमच्या पहिल्या रात्रीचा हिशोब सांगतो. झॉम्बी अठरा होते. सगळ्यांचा पूर्ण मेकअप करायचा ठरवून संध्याकाळी पाचला बसलो. पहिला शॉट लागला रात्री अकराला. ज्यांचे चेहरे सर्वांत आधी झाले होते ते तोवर पोत्यावर झोपून गेले होते, आणि एका गालाची जखम पोत्यालाच चिकटून निघून आली होती. त्या रात्री चार शॉट मिळाले. तुमचं गणित करून बघा: एका चेहऱ्याला ४० मिनिटं धरली आणि मेकअपला दोन माणसं असली तर पंचवीस चेहऱ्यांना आठ तास वीस मिनिटं लागतात. म्हणजे संध्याकाळी पाचला बसलात तरी कॅमेरा सुरू व्हायला रात्रीचा दीड वाजतो.

दुसऱ्या रात्रीपासून आम्ही तीन ओळी केल्या. कॅमेऱ्याच्या हातभर जवळ येणारे चार चेहरे, त्यांना पूर्ण ४० मिनिटं. त्यांच्या मागे आठ, त्यांना बारा-बारा मिनिटं: राखाडी रंग, डोळ्यांखाली काळं, तोंडाला रक्त, बस. उरलेल्यांना तीन मिनिटं, कारण ते पाठीमागून येणाऱ्या उजेडात नुसते आकार म्हणून दिसणार. तुमच्या पंचवीस जणांना असंच लावलं तर दोन माणसं अडीच तासांच्या आत मोकळी होतात. पहिल्या ओळीतले चार जण रोज तेच ठेवा आणि रोज मेकअप झाल्यावर प्रत्येकाचा समोरून आणि दोन्ही बाजूंनी मोबाईलवर फोटो घ्या. जखम डाव्या गालावर होती की उजव्या, हे तिसऱ्या रात्री कुणालाच आठवत नाही.

पंचवीस जणांचे शंभर दाखवायचे असतील तर लांब फोकल लेंथची, म्हणजे दूरचं जवळ दाखवणारी लेन्स वापरा, ८५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. ती माणसांमधलं अंतर खाऊन टाकते, एकमेकांपासून दहा फुटांवर उभे असलेले खांद्याला खांदा लावल्यासारखे दिसतात. कॅमेऱ्यासमोरून गेलेला माणूस मागून धावत जाऊन पुन्हा रांगेत लागू शकतो, फक्त अंगावरचा शर्ट किंवा डोक्यावरचं फडकं बदललं पाहिजे. मागून उजेड द्यायला आम्ही ट्रॅक्टरचे हेडलाईट वापरले. इंजिन चालू ठेवावं लागतं, त्यामुळे त्या शॉटचा आवाज फेकूनच द्यायचा, ही तयारी ठेवा.

आता मेकअप. महागडी तयार कातडी मुंबईहून आणायची गरज मला वाटत नाही. फुटलेल्या, सुकलेल्या त्वचेसाठी मुलतानी माती सगळ्यांत गुणाची. पाण्यात कालवून त्यात थोडा कोळशाचा वस्त्रगाळ भुगा टाकायचा, पातळ थर लावायचा आणि सुकत असताना माणसाला तोंड वेडंवाकडं करायला लावायचं. कपाळावर, ओठांच्या कडेला आपोआप भेगा पडतात. थंडीच्या रात्री ती चार तास टिकली. एप्रिल-मे मध्ये टिकणार नाही, आपल्याकडच्या त्या उकाड्यात घामाचे ओघळ दिसतील. जखमेसाठी लिक्विड लॅटेक्स (सुकल्यावर रबरासारखं होणारं द्रव) आणि कापूस. कापसाचा पातळ पदर लॅटेक्सने चिकटवायचा, वरून आणखी एक हात, सुकत आला की मधोमध टाचणीने फाडून कडा उचलायच्या. कापूस आपल्याकडे मागितला की मिळतो. लॅटेक्स मात्र प्रत्येकाच्या हाताच्या आतल्या बाजूला आदल्या दिवशी लावून बघायचंच, काहींना त्याची ॲलर्जी असते. भुवया, मिशी, दाढी यांवर आधी व्हॅसलीन चोपडा, नाहीतर केस मुळासकट येतात. पैसे वाचवायला फेव्हिकॉल आणि होळीचे रंग वापरणारे मी पाहिलेत. चेहऱ्यावर दोन्ही नकोत. आणि डोळे पांढरे करणाऱ्या लेन्स तर मुळीच नकोत. बागेत आणि जिनिंगमध्ये धूळ किती असते ते तुम्हाला माहीत आहे, लेन्सखाली कण गेला तर बुबुळाला इजा होते. आमचे झॉम्बी पापणी अर्धी मिटून, न लवता बघायचे. पडद्यावर तेवढं पुरलं.

रक्ताची कृती: हलवाई किंवा बेकरीवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज, थोडं पाणी, खाण्याचा लाल रंग, आणि लालपणा मारायला चमचाभर कोको पावडर. नुसता लाल रंग पिवळ्या दिव्यात नारिंगी दिसतो, म्हणून कोको हवाच. तोंडात जाणारं रक्त वेगळ्या बाटलीत ठेवा. कपड्यांवर उडवायच्या रक्तात भांड्यांचा साबण मिसळला की धुवायला सोपं जातं, पण ती बाटली तोंडाजवळ जायला नको, तिला वेगळ्या रंगाचं झाकण लावा. कातडीवर रंग बसू नये म्हणून आधी खोबरेल तेलाचा हात फिरवा. आमच्यातले एक जण शाळेत शिकवतात, त्यांची नखं तीन दिवस लाल होती आणि वर्गात मुलांना उत्तरं द्यावी लागली. आणखी एक, जे कुणी सांगत नाही: ग्लुकोजच्या रक्ताला मुंग्या लागतात. पहिल्या रात्रीचे कपडे गाठोडं करून कोपऱ्यात ठेवले होते, दुसऱ्या दिवशी ते लाल मुंग्यांनी भरलेले. तेव्हापासून कपडे दोरीवर, आणि दोरीच्या दोन्ही टोकांना रॉकेलचा बोळा.

चॉकलेटचं रक्त या प्रकाराला जुना इतिहास आहे. १९६८ साली अमेरिकेत जॉर्ज रोमेरो यांनी 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' केला. खर्च साधारण १ लाख १४ हजार डॉलर, जो तिकडे तेव्हाही फार कमी होता. फिल्म कृष्णधवल, त्यामुळे रक्त म्हणून चॉकलेट सिरप चाललं. त्यातल्या संकटात सापडलेल्या कुटुंबातल्या नवरा-बायकोच्या भूमिका करणारे दोघे कलाकार मेकअपचं कामही बघत होते. आज आपण झॉम्बी म्हणतो, पण त्या फिल्मभर हा शब्द कुणाच्या तोंडी नाही. तुमची गोष्ट कृष्णधवलमध्ये बसत असेल तर तसा विचार जरूर करा. रंगाचा अर्धा त्रास जातो, आणि स्वस्त मेकअप कृष्णधवलमध्ये जास्त खरा दिसतो.

मांस खाण्याचा प्रसंग तुमच्याकडे असेलच. खरं मांस आणू नका. दिव्यांखाली वास सुटतो, गावभरची कुत्री येतात. शिवाय आमच्या अठरांपैकी सात जण माळकरी, त्यांनी स्पष्ट नाही म्हटलं आणि ते योग्यच होतं. यावर तोड काढली ती आमच्या मेकअप करणाऱ्या ताईंच्या आईने. कुरडया उकडून बिटाच्या पाण्यात बुडवल्या. तंतू तंतू सुटतात, ओल्या असताना चमकतात, दाताने ओढल्या की तुटता तुटता लांबतात. जोडीला भरिताचं भाजलेलं वांगं, सोलून, न ठेचता, लांब फाडलेलं. पडद्यावर ते बघून लोकांनी तोंड फिरवलं, आणि शूटिंगच्या रात्री झॉम्बी ते मीठ-तिखट लावून खात होते.

माळकऱ्यांचा विषय निघालाच आहे तर हेही सांगतो. जिवंत माणसाला मढं बनवायचं हे काही घरांत अशुभ मानतात. आम्ही प्रत्येकाच्या घरी जाऊन, काय करणार ते सांगून विचारलं. दोघांच्या घरून नकार आला, त्यांना जिवंत माणसांच्या भूमिका दिल्या. एका काकांना गळ्यातली तुळशीची माळ काढायची नव्हती, रक्त तिच्यावर पडूही द्यायचं नव्हतं. त्यांना बंद गळ्याचा शर्ट दिला आणि रक्त फक्त हातांवर ठेवलं. ते चारही रात्री सर्वांत आधी हजर असायचे.

आता चालणं, कारण माझ्या दृष्टीने फिल्म इथे उभी राहते किंवा पडते. सुरुवातीला सगळे एकसारखे चालत होते: हात पुढे, पाय ओढत, तोंडातून घरघर. जिनिंगच्या फाटकाशी बसलेल्या एका आजींनी बराच वेळ बघून विचारलं, "मरेल माणूस असा चालस का भो?" (मेलेला माणूस असा चालतो का?) मी विचारलं, मग कसा चालतो? त्या म्हणाल्या, रातभर पानी भरीसन येस, तो असा चालस. आणि उठून चालून दाखवलं. रात्रभर पिकाला पाणी भरून, चिखलात पाय रुतवून पहाटे घरी येणारा माणूस. टाच आधी टेकत नाही, सगळा पाय एकदम पडतो, खांदे पुढे आणि मान कुठेच बघत नाही. आम्ही त्या रात्री दोन तास शूटिंग थांबवलं आणि फक्त चालायचा सराव केला.

मग प्रत्येकाला एकच प्रश्न दिला: मरायच्या आधी तुझे हात काय करत होते? ट्रकवर काम केलेल्याचा डावा हात गिअर टाकल्यासारखा हलायला लागला. बाजार समितीत हमाली करणाऱ्याची पाठ पोतं घेतल्यासारखी वाकलेलीच राहिली. आणि कापूस वेचणीला जाणाऱ्या एक मावशी होत्या. त्या चालत होत्या आणि त्यांची बोटं हवेत बोंडातून कापूस काढत होती, काढून कमरेच्या ओटीत टाकत होती, जिथे काहीच नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर आम्ही तीन मिनिटांचा मेकअप केला होता, त्या शेवटच्या ओळीत होत्या. मी त्यांना पुढे आणलं. फिल्ममध्ये तो शॉट नऊ सेकंदांचा आहे, आणि फिल्म बघितलेली माणसं आजही भेटली की त्याच शॉटबद्दल बोलतात. याला पैसा लागला नाही, दोन तास लागले. म्हणून म्हणतो, एक अख्खा दिवस नुसता सरावाला ठेवा. जपानमध्ये २०१७ साली 'वन कट ऑफ द डेड' नावाची झॉम्बी फिल्म सुमारे ३० लाख येनमध्ये झाली. तिथल्या हिशोबाने ही रक्कम अगदी किरकोळ. त्यात सुरुवातीची ३७ मिनिटं एकच सलग शॉट आहे. नवख्या कलाकारांकडून तो शॉट तालमीशिवाय निघूच शकत नाही.

जेवणाबद्दल. पहिल्या रात्री मोठ्या प्रेमाने दहा वाजता वरण-बट्टी ठेवली, वर तुपाची धार. एक वाजता सगळी फौज आडवी. पुढच्या रात्री नऊला साधी खिचडी, साडेबाराला पोहे, तीनला चहा आणि केळी, असं थोडं थोडं दिलं. पाणी आणि चहा स्ट्रॉने, म्हणजे ओठांचं काम टिकतं. शेवभाजी शेवटच्या पहाटे, काम संपल्यावर. अनवाणी झॉम्बी छान दिसतात, पण बागेत साप असतात आणि जिनिंगमध्ये जुने खिळे. पाय दिसणारा एक शॉट झाडलेल्या जागेत उजेडात घ्या, बाकी सगळे चपला-बुटांत. केळीचा चीक कपड्यांना लागला तर डाग कायमचा, म्हणून कुणालाही स्वतःचे चांगले कपडे घालून बागेत येऊ देऊ नका.

जिनिंग मिळालं तर एक गोष्ट कडक पाळा: आत विस्तव नाही. मशाल नाही, धुराची कांडी नाही, विडी नाही. बंद असलं तरी पत्र्याच्या खाचांत वर्षानुवर्षांची रुई बसलेली असते, ठिणगी पडली तर आवरणार नाही. धुराऐवजी आम्ही चाळणीने धूळ उडवली, मागून उजेड. कॅमेऱ्याच्या मागच्या सगळ्यांच्या तोंडाला मास्क, आणि एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त नाही.

बाग असेल तर रात्री जायची गरजही नाही. केळीच्या दोन ओळींमध्ये वर पानं मिटलेली असतात, आकाश दिसत नाही. भरदुपारी शूट करून एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, खाली ओढलं आणि रंग निळसर केला की रात्र वाटते. आकाश दिसलं असतं तर ही युक्ती उघडी पडली असती. हे आम्हाला दुसऱ्या रात्री कळलं, तुम्ही आधीच वापरा.

ओसाड शहर दाखवायचं असेल तर तेही सोपं आहे. २००२ च्या '२८ डेज लेटर' या फिल्ममध्ये लंडन रिकामं दाखवायला पहाटे थोडा थोडा वेळ रहदारी थांबवून शूटिंग केलं होतं. बराचसा भाग कॅननच्या एक्सएल-१ या छोट्या डिजिटल कॅमेऱ्यावर केलेला आहे, म्हणून मोबाईलवर शूट करायला संकोच नको. आपल्याला रहदारी थांबवावी लागत नाही. मे महिन्यात दुपारी दोन वाजता भुसावळ किंवा धुळ्याच्या बाजारातल्या गल्ल्या बघा, शटर अर्धी खाली आणि रस्त्यावर कुत्रंही नाही. तेवढे शॉट मेमध्ये दोन माणसं आणि एक कॅमेरा घेऊन काढून ठेवा. झॉम्बींचं काम थंडीत करा. आणि दूरवर जळणारं गाव हवं असेल तर व्हीएफएक्सवाल्याकडे (कॉम्प्युटरवर दृश्यं बनवणाऱ्याकडे) जाण्याआधी चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या कलादालनात जाऊन या. टेबलावर देखावे रचून त्यांनी काढलेले फोटो बघा. खोक्यांची घरं, त्यामागे पिंजलेल्या कापसाचा धूर आणि खाली एक लाल बल्ब, एवढ्यावर आमचं गाव जळलं.

आवाज नंतर घरी करा, रात्री शेतात मोटारींचा आवाज थांबत नाही. झॉम्बीची घरघर श्वास आत ओढताना काढायची, बाहेर सोडताना काढली तर माणूस वाघाची नक्कल करतोय असं वाटतं. हाडं मोडण्यासाठी केळीच्या घडाचा ताजा दांडा, चावण्यासाठी टरबूज. दोन्ही मोबाईल गोधडीखाली धरून रेकॉर्ड केलं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हे वाचून सोडून देऊ नका. १ जुलै २०१८ ला आपल्याच धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, मुलं पळवणारे आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना मारून टाकलं. भिक्षुकीवर जगणारी भटक्या समाजाची माणसं होती ती. रात्री रक्ताने माखलेली, अनोळखी दिसणारी वीस-पंचवीस माणसं शेतातून चालली आहेत, हे न सांगता कुणाला दिसलं तर काय होऊ शकतं याचा विचार करा. शेतीपंपाला लाईट रात्रीची असली की शेतकरी त्याच वेळी बागेत असतो, एकटा, हातात बॅटरी आणि काठी. आम्ही पोलीस ठाण्यात आणि ग्रामपंचायतीत लेखी पत्र दिलं, त्यावर पोचही घेतली. आजूबाजूच्या प्रत्येक शेतमालकाला जाऊन भेटलो. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर झॉम्बींचे मेकअप करतानाचे दिवसाउजेडी फोटो टाकले, नावासकट. दवंडीही दिली. बागेकडे येणाऱ्या तिन्ही वाटांवर चमकणारं जॅकेट घातलेला एकेक माणूस रात्रभर उभा होता, त्यांना मानधन दिलं. मेकअप केलेला कुणीही एकटा सेटबाहेर जात नव्हता, लघवीलासुद्धा. आणि लोकांना घाबरवून त्यांच्या चेहऱ्यावरची भीती टिपायची कल्पना तुमच्यापैकी कुणाच्या डोक्यात असेल तर ती आजच काढून टाका.

हे सगळं धरून तुमचे ८० हजार मी असे लावेन: मेकअपचं सामान आणि जिल्ह्यातल्याच, लग्नाचा मेकअप करणाऱ्या एखाद्या ताईंचं मानधन मिळून १८ हजार. जेवण, चहा, पाणी २२ हजार. गाडीभाडं १२. दिवे, जनरेटर १०. वाटेवरची माणसं आणि जागा साफ करून परत देणं ६. आवाज आणि एडिटिंग ७. पाच हजार हात न लावता बाजूला, कारण तिसऱ्या रात्री काहीतरी बिघडतं. लग्नाचा मेकअप करणाऱ्या मुद्दाम म्हटलं, घामात टिकणारं काम आणि घड्याळाकडे बघत काम, दोन्ही त्यांना येतं. आमच्या ताई लग्नसराईतूनच आलेल्या.

पंचवीस जणांची लेखी संमती आणि संगीताचा करार शूटिंगच्या आधी करून घ्या. रोमेरोंच्या फिल्मचं नाव प्रदर्शनाआधी बदललं, नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराईटची ओळ टाकायची राहिली आणि तिथल्या त्या वेळच्या कायद्याने फिल्म सगळ्यांसाठी खुली होऊन बसली. आपल्या कायद्यात त्या ओळीवाचून हक्क जात नाही, पण गाणं कुणाचं आणि चेहरा कुणाचा यावरून फिल्म अडकते, ते मी दोनदा पाहिलंय.

तुमची जागा बाग आहे, जिनिंग आहे की गावातला वाडा, आणि महिना कुठला धरलाय, ते कळवा. झॉम्बींमध्ये साठीच्या वरचे आणि पंधराच्या खालचे किती, हेही सांगा. त्यावरून रात्री किती धरायच्या आणि जेवणाच्या वेळा कशा लावायच्या ते नीट मांडून देतो.